सूचना संपेपर्यंत

डिस्क लावली की पडद्यावर आधी सूचना येते, आणि सूचना संपेपर्यंत आमच्या घराचं दार उघडत नाही.

सुरुवातीला ती अकरा सेकंदांची होती. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: या डिस्कची नक्कल करणे हा गुन्हा आहे. पुढे ढकलायचं बटण दाबलं की कोपऱ्यात लाल फुली यायची. मग ती दर वेळी थोडी लांबत गेली. श्रावणात आमटीला उकळी येईपर्यंत चालायची, गणपती झाल्यावर अख्खा पेपर वाचून होईपर्यंत. मी चाळीस वर्षं सांगलीतल्या एका छापखान्यात प्रुफं तपासली, त्यामुळे सूचना दर वेळी पूर्ण वाचतो. तिच्यात मला एकही चूक सापडलेली नाही. तेव्हा चूक माझीच असावी.

डिस्कवर आमच्या गावच्या हौशी मंडळींचं एक जुनं नाटक आहे. माझी बायको वत्सला त्यात प्रॉम्प्टर होती. ती कुठेच दिसत नाही. पण दुसऱ्या अंकात नायक वाक्य विसरतो, रंगमंचावर शांतता पसरते, आणि विंगेतून तिचा आवाज येतो: "दार उघडंच आहे, आत या." तो जरा मोठाच येतो, म्हणून प्रेक्षक हसतात. पुढच्या वर्षी वत्सला गेली. आमची वैजयंती तेव्हा दोन वर्षांची होती. तिला आईचा आवाज आठवत नाही, आणि तो दुसरीकडे कुठेही नाही.

मी डिस्क घेऊन बेळगावला वैजूकडे गेलो होतो. तिच्या टीव्हीवर अक्षरं आली: हे ते घर नाही. तिने पुसून पुन्हा लावली. पुन्हा तेच.

"जाऊ दे बाबा," ती म्हणाली. "तेवढं एक वाक्य उतरवून ठेवा. मी दिवाळीला येईन तेव्हा ऐकेन आणि इकडे घेऊन येईन."

उतरवण्यासाठी मी शेजारच्या दिनकरराव बोंद्र्यांना बोलावलं. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत आणि कुठलीही वायर पाहिली की खूश होतात. त्यांनी एक वायर टीव्हीला जोडली, दुसरं टोक आपल्या यंत्राला जोडलं, आणि सूचना सुरू झाली. थोड्या वेळाने अक्षरं बाजूला सरली आणि सूचनेतला माणूस बाहेर आला. चपला दाराबाहेर काढायची त्याला सवय असावी. पण तो आतूनच आलेला असल्यामुळे त्याने त्या खुर्चीखाली ठेवल्या.

"नक्कल कोण करतंय?" त्याने विचारलं.

"फक्त एक वाक्य," मी म्हणालो.

दिनकरराव मात्र घाबरले नाहीत. माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "अहो साहेब, चोरीच्या डिस्का बाजारात ढिगाने मिळतात. त्यांना सूचना नाही, कुलूप नाही, लावली की नाटक सुरू. या आगट्यांनी पावती घेऊन विकत घेतली, तर हे घरात कोंडलेले. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"चोरांच्या डिस्कवर सूचना नसते," तो माणूस शांतपणे म्हणाला. "सूचना विकत घेणाऱ्यासाठी असते."

दिनकररावांना आपलं बोलणं आवडलं की ते पुन्हा म्हणतात. या वेळीही ते "चोर" म्हणायला गेले, पण तोंड नुसतं उघडं राहिलं. त्यांनी घसा खाकरला. आवाज आला नाही.

"ते म्हणून झालंय," तो माणूस म्हणाला. "या घरात आता कुठलीच गोष्ट दोनदा होणार नाही."

दिनकररावांच्या सगळ्याच गोष्टी आमच्याकडे अनेकदा म्हणून झालेल्या होत्या. सूचना संपेपर्यंत ते पलंगावर गप्प बसून राहिले. दार उघडल्यावर वायर गुंडाळून गेले. "येतो" म्हणायचं राहिलं, कारण तेही आधी म्हणून झालं होतं.

बेसिनवरच्या आरशात आता समोरची भिंत दिसते, मी दिसत नाही. दाढी हाताने चाचपत करतो. कपांच्या जोडीतला एकच कप उरला आहे. कपाटात एका शब्दकोशाच्या दोन प्रती होत्या, त्यातली दुसरी कोरी झाली. ती मी चाळून पाहिली. बांधणी चांगली आहे.

तो माणूस गेला नाही. खुर्चीत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला विचारलं, "नुसतं ऐकायला हरकत नाही ना?"

"ऐका. मूळ प्रतीला हरकत नाही."

सूचना झाली, पहिला अंक झाला. दुसऱ्या अंकात नायक थांबला, आणि वत्सलेचा आवाज आला.

इथे माझी चूक झाली. पूर्वी मी प्रुफं घरी आणायचो. वत्सला हस्तलिखितातून मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि मी प्रुफावरून पेन्सिल फिरवत प्रत्येक शब्द ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणायचो. तसं केलं नाही तर शब्द निसटतो. ती गेल्यावर वैजू वाचता येऊ लागल्यापासून तिच्या जागी बसायची. कधी मी वाचायचो आणि ती ओठ हलवायची. ही सवय आम्हा दोघांचीही गेली नाही.

माझे ओठ हलले. दार उघडंच आहे, स्वल्पविराम, आत या.

तो माणूस खुर्चीतून उठला. त्याने डिस्क मागे नेऊन पुन्हा लावली. नायक थांबला. शांतता पसरली. ती संपली नाही. प्रेक्षक वाट पाहत राहिले आणि कुणी हसलं नाही.

"ओठांनी उचललं की जिथे होतं तिथे राहत नाही," तो म्हणाला. "वाक्य आता तुमच्या तोंडात आहे. तोंड उघडलंत की आधी तेच बाहेर पडेल. एकदाच."

मी तोंड मिटून घेतलं. जिभेवर काहीतरी गरम होतं, खडीसाखरेच्या खड्याएवढं.

"कुणाला ऐकवायचं असेल तर ऐकवा. ऐकणाऱ्याकडे ते राहील. फक्त त्याने ओठ हलवू नयेत."

त्यानंतर मी बोललो नाही, फोन उचलला नाही. पाणी पिताना ओठ जेमतेम उघडायचे. पडद्यावरची सूचना आता संपेनाशी झाली आणि दार बंदच राहिलं.

वसुबारसेच्या दिवशी दुपारी बेल वाजली.

"बाबा, मी वैजू. दार उघडा."

मी दाराशी जाऊन कडी ओढली. ती भिंतीवर काढलेल्या चित्रासारखी होती.

"चपला बाहेर दिसताहेत, म्हणजे आत आहात. फोन का उचलत नाही? कुंदा आणलाय, तुमच्या आवडीचा. रुसलात का? बोलायचं नसेल तर निदान खोकून दाखवा!"

मला खोकताही येत नव्हतं. मी टेबलावरून कागद घेतला आणि लिहिलं: ऐकशील तेव्हा ओठ हलवू नकोस. कागद दाराखालून सरकवायला वाकलो, तेवढ्यात त्या माणसाने तो माझ्या हातातून घेतला, वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"घरात सूचना एकच असते," तो म्हणाला.

बाहेर वैजू दार ठोठावू लागली. हळूहळू तिचा आवाज बारीक झाला. "बाबा, मला भीती वाटतेय. काहीतरी बोला ना."

दार आता पुठ्ठ्याइतकं पातळ झालं होतं. तिचा तळहात पलीकडून टेकलेला मला कळत होता.

मी त्या माणसाकडे पाहिलं. तो खुर्चीखालून चपला काढून पायात घालत होता.

मी तोंड उघडलं. आवाज माझा नव्हता. तो विंगेतून यावा तसा, जरा मोठाच आला. जीभ रिकामी झाली आणि दार हातभर उघडलं.

वैजू कुंद्याचा डबा छातीशी धरून उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. शब्द निसटू नये म्हणून डोकं जरा कलतं करून ऐकत होती, लहानपणी माझ्या टेबलाशी बसायची तशी. मी हात वर केला. तिचे ओठ स्वल्पविरामापर्यंत आले होते.