माणसं नसलेली गोष्ट

विदर्भातल्या उंद्रीच्या पुढे माळावर सौरऊर्जेचा प्लांट आहे. तिथल्या कंट्रोल रूममध्ये सुचिता वानखडेची सगळी तिशी गेली. समोर पडदे, मागच्या खोलीत यंत्रांची घरघर आणि खिडकीबाहेर नजर पोचेल तिथवर निळ्या-काळ्या पॅनलच्या रांगा. पडद्यावरचा आकडा जरा हलला की कुठल्या रांगेत काय बिघडलंय, ते तिला कळायचं. कंपनीत तिचं नाव होतं. नागपूरहून, पुण्याहून फोन यायचे. अडलेलं काम सुटलं की फोन ठेवला जायचा.

ती चिखलीत एकटी राहायची. लग्नाचं दोन-तीनदा जमता जमता फिसकटलं, मग कोणी विषय काढेनासं झालं. आई, शालूबाई, मलकापूरकडे सुचिताच्या भावाजवळ होती. रोज संध्याकाळी फोन करून ती विचारायची, "जेवली का वं?" सुचिता हो म्हणायची. त्यापुढे काय बोलावं हे दोघींनाही सुचत नसे.

त्या वर्षी विदर्भातल्या सगळ्या प्लांटचं काम पाहणाऱ्या प्रमुखाची जागा निघाली. याआधीही निघाली होती, पण तेव्हा सुचिताने अर्ज केला नव्हता. यंदा केला. मागचे साहेब वर्षातून एकदा यायचे आणि गाडीतून उतरतानाच परत कधी निघायचं ते ड्रायव्हरला सांगून ठेवायचे. त्यांच्याहून वाईट काम आपल्या हातून होणार नाही, एवढं तिला वाटत होतं.

मुलाखतीच्या तयारीसाठी कंपनीने उमेदवारांना एक प्रशिक्षक दिली होती. अर्पिता नावाची ही बाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बोलायची. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की काय काय केलं याची जंत्री कोणी लक्षात ठेवत नाही. आपल्या नोकरीतला एक प्रसंग निवडायचा आणि तो गोष्टीसारखा सांगायचा. ऐकणाऱ्याला त्यात उद्या प्रमुख होणारी सुचिता दिसली पाहिजे.

सुचिताने जमिनीखालची केबल जळून अर्धा प्लांट बंद पडला होता, तो प्रसंग निवडला. दोष कसा शोधला, कुठे खणलं, वीज परत कशी सुरू झाली, सगळं तिने क्रमाने सांगितलं. अर्पिता शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "फार नेमकं सांगता तुम्ही. पण यात माणसं कुठे आहेत? खणलं कोणी?"

"कंत्राटी पोरं होती."

"कोण कोण?"

गोकुळचं नाव सुचिताच्या तोंडी लगेच आलं. बाकीच्यांची नावं आठवायला वेळ लागला आणि एक तर आठवलंच नाही. अर्पिताने विषय वाढवला नाही. गोष्ट पुन्हा बांधून आणा, एवढंच म्हणाली.

पुढचे काही दिवस सुचिता ती गोष्ट मनात घोळवत राहिली. आरशासमोर सांगून पाहिली, स्कूटीवरून जाता-येता पुटपुटून पाहिली. दर वेळी गोष्टीत ती एकटीच असायची. प्लांटवर सगळी पोरं शेडखाली डबे उघडून बसायची, हसण्याचे आवाज कंट्रोल रूमपर्यंत यायचे. नोकरीच्या सुरुवातीला ती एकदा डबा घेऊन तिकडे गेली होती, तेव्हा सगळे उठून उभे राहिले आणि बोलणं थांबलं. आपण गेलो की त्यांना अवघडतं असं समजून ती पुन्हा गेली नव्हती.

एका रविवारी ती खामगावची एसटी पकडून, तिथून गाडी बदलून वडनेर भोलजीला गेली. प्लांटवरचं काम सुटल्यापासून गोकुळ तिथे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. दुकान हमरस्त्यालाच होतं. तिला पाहून तो गडबडला, हात पुसत उठला, खुर्ची झटकून पुढे केली. चहा मागवला. इकडचं तिकडचं विचारून झालं. मग तिने येण्याचं कारण सांगितलं. मुलाखतीत त्या केबलचा प्रसंग सांगायचा आहे आणि त्याला त्यातलं काय आठवतं ते ऐकायचं आहे.

गोकुळने कप हातात घेतला.

"मले त खणल्याचं काई आठवत नाई, म्याडम. मले पुण्याचा साहेब आला होता ते आठवते. तो म्हणत होता का केबलचा जोड पोरायनं बिघडवला, काढून टाका सगळ्यायले. मी खिडकीच्या बाहेर उभा होतो."

तो बाहेरून ऐकत होता हे सुचिताला माहीतच नव्हतं. त्या दिवशी ती साहेबांना म्हणाली होती की जोड तिच्यासमोर झाला, तपासून तिनेच होकार दिला, तेव्हा दोष धरायचा तर आधी तिचा धरा. आणि जोड चांगलाच होता, केबल आधीपासून खराब होती. जे होतं ते सांगितलं, एवढंच तिला वाटलं होतं. नंतर ते तिच्या मनातही राहिलं नव्हतं.

"ते मी खरं होतं म्हणून बोलले रे."

"हाव. पण दुसरं कोनी बोललं नसतं." त्याने कप खाली ठेवला. "आमी लय दिवस बोलून राह्यलो होतो त्याच्यावर. तुमाले येऊन सांगावं वाटे. पण तुमी कोनाशी बोलतच नोत्या. आमाले वाटे का म्याडमले आमचा कंटाळा हाये."

"अन् मले वाटे तुमाले माझा," ती म्हणाली. प्लांटवर ती कधी घरच्या बोलीत बोलली नव्हती. गोकुळ ओशाळून हसला. तेवढ्यात कोणी शेतकरी जळालेली मोटार घेऊन आला आणि गोकुळला उठावं लागलं. सुचिताने निरोप घेतला. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. नांदुरा आलं, गेलं, तिच्या लक्षात आलं नाही. भिंतीच्या पलीकडे आपल्याविषयी चांगलं बोललं जात होतं आणि इतकी वर्षं ते आपल्यापर्यंत पोचलं नाही, याचं दुःख करावं की आनंद मानावा हे तिला ठरवता येईना.

मुलाखत नागपूरला झाली. सुचिताने केबलचा भाग दोन वाक्यांत संपवला. मग खिडकीबाहेर उभ्या असलेल्या गोकुळचं सांगितलं, आणि पुढचंही सांगितलं. पुढच्या वर्षी कंत्राटदार बदलला आणि तीच पोरं, हात बसलेली, एका दिवसात कामावरून कमी झाली. मुलाखत घेणाऱ्यांतल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, "तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"वर विचारलं. हे तुमच्या खात्याचं काम नाही असं उत्तर आलं," सुचिता म्हणाली. "ते बरोबरच होतं. खराब केबल मला बदलता येत होती, कंत्राटाची अट बदलता येत नव्हती. ती जिथे बसून बदलता येते, ती जागा मी मागायला आले आहे."

बाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

जागा तिला मिळाली. अर्पिताने अभिनंदनाचा निरोप पाठवला. आईला फोन केला तेव्हा आईने गाव सोडावं लागेल का एवढं विचारलं आणि मग जेवणाचं. सुचिता अकोल्याला राहायला गेली. ऑफिस काचेचं, शांत. पहिले काही आठवडे तिला त्या शांततेत कामच सुचेना, यंत्रांची घरघर कानाला हवीहवीशी वाटायची. फोन पूर्वीपेक्षा जास्त यायचे. आता बोलणारे जपून बोलायचे.

तिने गोकुळला परत बोलावलं. पगार बरा होता. तो मनापासून खूश झाला, पण दुकानाचा जम बसला आहे, घरच्यांना सोडून माळावर जावंसं वाटत नाही, असं म्हणाला. "तुमी बोलावलं, तेच लय झालं," म्हणाला. तिने आग्रह केला नाही.

कंत्राटाची अट बदलायला मात्र ती चिकाटीने लागली. ठेकेदार बदलला तरी कामावरची माणसं तीच ठेवायची, एवढं एक वाक्य. त्यासाठी बैठका झाल्या, वरचे नाराज झाले, एकाने तर आल्या आल्या हे कशाला, असं तोंडावर विचारलं. वर्ष सरता सरता ते वाक्य मंजूर झालं.

उन्हाळ्यात ती मेहकरकडच्या एका प्लांटवर तपासणीला गेली. तिथला ठेकेदार नुकताच बदलला होता आणि पोरं जुनीच होती. पॅनल धुऊन आलेला एक जण सावलीत डोक्याचं फडकं पिळत उभा होता. तिने नाव विचारलं. पुंजाजी, तो म्हणाला. काम कसं चाललंय विचारलं.

"चांगलं हाये. यंदा काढलं नाई आमाले. नशीब म्हना." त्याने तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. "तुमी कोनत्या हापिसातून, म्याडम?"

"अकोल्याच्या."

"मंग पानी घ्या. दुरून आल्या."

त्याने माठातून तांब्या भरून आणला. ती पाणी प्यायली, त्याचं गाव कोणतं, मुलं किती, असं विचारत थोडा वेळ उभी राहिली. तो एकेका शब्दात उत्तर देत होता, कारण त्याला परत कामावर जायचं होतं. मग तो गेला. रांगांमधून लांब जाताना त्याची पाठ दिसेपर्यंत ती सावलीत थांबली आणि मग गाडीकडे निघाली.