भिंतीवरची उलटी वाट

पंचफुलेला घरात स्वतःचा म्हणून एक कोपरा हवा होता, आणि तिला मिळाला तो देव उठून गेलेला.

त्याचं असं झालं, की नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर तिच्या नवऱ्यानं, हरिदासनं, पूर्वेच्या भिंतीवरल्या फळीवरचे सगळे देव पाटीत भरले आणि वर्धा नदीच्या डोहात सोडून दिले. पाटी धुतली, घरी आला आणि जेवायला बसला. देव गेले, पण जागा कुठं जाते? घर इनमीन दोन खणांचं. ज्वारीची मडकी, कांद्यांची पोती, कोंबड्या आणि माणसं अशी सगळ्यांची दाटी. तरी त्या फळीवर कुणी साधा तांब्या टेकवीना. हरिदासची आई तानाबाई तर फळीपुढून जाताना अजून डोक्यावरचा पदर सावरायची. देव नाहीत हे तिच्या डोक्याला कळलं होतं, हाताला कळायचं होतं.

पंचफुला वाकळी शिवायची. वाकळ कोणती बाई शिवत नाही म्हणा. पण ही नुसत्या चिंध्या जोडायची नाही. चिंधीतून पोपट कापायची, बैलगाडी कापायची, पुलगावच्या स्टेशनातून सुटणारं इंजिन धुरासकट कापायची आणि वाकळीवर टाचायची. बसायची मात्र उंबऱ्याशी, उजेडाला. कुणी आलं की पसारा उचलायचा, कोंबडी आली की तिला हाकलायचं, जेवणवेळ झाली की सगळं गुंडाळायचं. गुंडाळलेलं इंजिन दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडलं की त्याचा धूर भलतीकडेच जाई. आज पसरलेलं काम उद्या सकाळी तसंच पसरलेलं दिसावं, एवढंच त्या बाईचं मागणं होतं. बाईमाणसाच्या मानानं ते फारच मोठं होतं.

"आत्याबाई, ते फळीखालची जागा मले द्या नं," एके दिवशी तिनं भीत भीत विचारलं.

तानाबाई भाकर थापत होती. तिनं मान वर केली नाही. "घे," म्हणाली. मग भाकर उलटून झाल्यावर म्हणाली, "पण काई झालं त मले सांगू नको."

पंचफुला कामाला लागली. कोपरा सारवला, भिंतीला चुना दिला, एक हात वाळल्यावर दुसरा दिला. भिंत अशी पांढरी झाली की तिच्याकडे पाहून घरातली बाकीची भिंत ओशाळली असावी. कडेनं तिनं गेरूची बोटभर पट्टी ओढली. हरिदास पुलगावच्या मिलिटरीच्या दारूगोळ्याच्या डेपोत हमाली करायचा. त्यानं तिथल्या मोडीतली एक रिकामी लाकडी पेटी आणून दिली, दोरीच्या कड्यांची, वर कसलीशी काळी अक्षरं छापलेली. ज्या पेटीतून तोफेचे गोळे आले, तिच्यात आता दोऱ्याची रिळं राहायला आली. पेटीवर पंचफुलेनं आपली दौलत मांडली. पितळेचं अंगुस्तान, त्याशिवाय तिला सुई हातात धरवत नसे. खडूचा तुकडा. सुरुवातीचे इंच झिजून गेलेला मापाचा टेप, ज्याच्यात हिशेब नेहमी मनानं पुरा करावा लागे. आणि कात्री. कात्रीवर तिचा जीव होता. ती कापडातून जाताना जो आवाज करी, तो ऐकायला पंचफुला कधीकधी नको असलेली चिंधीही कापून पाही.

कात्री टांगायला खिळा हवा होता. खिळा मिळाला समोरच्या भिंतीतल्या खिडकीच्या दारात. ती खिडकी म्हणजे जाड फळ्यांचं एकच एक दार, बाहेरच्या वाटेकडे उघडणारं. तिच्या सासऱ्यानं कधीकाळी त्यात आरपार जाणारा लांबलचक खिळा ठोकून बाहेरून लिंबू आणि बिब्बा टांगला होता, कुणाची नजर लागू नये म्हणून. आता आपण असलं मानत नाही, असं हरिदास सांगतच होता. पंचफुलेनं सांडशीनं खिळा उपटला, वाळलेलं लिंबू उकिरड्यावर टाकलं, खिळा कोपऱ्यातल्या फळीच्या बाजूला ठोकला आणि त्यावर कात्री अडकवली. तानाबाईनं हे अंगणातून पाहिलं. सुपातली तूर तिनं जरा जोरानं पाखडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिदास डेपोत गेला. उन्हं चांगली वर आली होती. तेवढ्यात मिलिटरीच्या लॉऱ्या वाटेनं धडधडत गेल्या आणि धुळीचा लोट उठला. नव्या चुन्यावर धूळ बसेल म्हणून पंचफुलेनं झटकन खिडकी लावली, दार लावलं. घरात अंधार झाला. छपरावरचे कवेलू हरिदासनं नुकतेच फेरले होते, खाली पोती लावली होती, त्यामुळे वरूनही कवडसा येत नव्हता. ती वळली.

भिंतीवर काहीतरी होतं.

आधी तिला वाटलं, चुना कुठं ओला राहिला. मग त्या ओलीला रंग आले. खाली, जमिनीजवळ, निळं आभाळ होतं. त्या आभाळात समोरचं बोरीचं झाड शेंडा खाली करून लोंबत होतं. त्याच्याही वर, फळीच्या जरा खाली, वाट आडवी गेली होती, आणि त्या वाटेला पाय चिकटवून एक बकरी उलटी चालली होती. चालली होती म्हणजे खरंच चालली होती. शेपूट हलत होतं. पलीकडच्या घराच्या चुलीचा धूर खाली खाली सांडत आभाळात जात होता. बाहेर बकरीचा आवाज झाला तो उजवीकडे, आणि भिंतीवरची बकरी डावीकडे होती.

पंचफुला जागची हलली नाही. आयुष्यात तिनं इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. रंग होते ते बाजारच्या कुठल्याही कापडात नव्हते. शेजारची जिजाबाई हिरव्या लुगड्यात, डोक्यावर घागर घेऊन भिंतीवर आली. घागर तिच्या डोक्याखाली होती आणि पाणी सांडत नव्हतं. पंचफुलेनं हळूच हात पुढं केला. जिजाबाई तिच्या तळहातावरून चालत गेली आणि हाताला काहीच लागलं नाही. पंचफुलेच्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं, ते तिला सांगता आलं नसतं.

असलं एकटीनं पाहणं तिच्यानं होईना. तिनं दार उघडून हाक मारली, "आत्याबाई, लवकर या."

दार उघडताच भिंत कोरी झाली. तानाबाई आत आली, तिनं दार लावलं आणि वाट पुन्हा उमटली.

तानाबाई मटकन खाली बसली. तिचे हात आपसूक जोडले गेले. मग आता हात असे जोडायचे नाहीत हे आठवून ते सुटले, आणि सुटल्यावर त्यांना कुठं ठेवावं ते तिला समजेना.

"कोपली माय," ती म्हणाली. "देव उठवले, बिब्बा काढला, अन् त्याच भितीवर गाव उलटं. आता आनखी काय सांगावं तिनं?"

आता म्हातारीचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? काल बिब्बा निघाला आणि आज वाट उलटी झाली, हे तर खरंच होतं.

तानाबाई उठली. ज्वारीच्या मडक्यात कोपरापर्यंत हात घालून तिनं एक फडकं बाहेर काढलं. फडक्यात शेंदूर माखलेला गोटा होता, मुठीएवढा.

"मरीमाय?" पंचफुलेचा आ वासला. "ते त नदीत गेली नं?"

"हरिदास पाटी धुवून राह्यला होता, तवा म्या ओच्यात टाकली." तानाबाईच्या आवाजात चोरी उघडी पडल्याची लाज नव्हती, उलट बरं झालं ठेवली असाच सूर होता. "तुयी पेटी उचल. तो खिया होता तिथं ठोक. हे फळीवर बसन."

कालचा चुना, कालचा कोपरा. अजून त्यात बसून तिनं एक टाकासुद्धा घातला नव्हता. पण सासूशी वाद घालायची तिची रीत नव्हती. ती काम करता करता विचार करणारी बाई होती. दार उघडलं की जाते, लावलं की येते. म्हणजे हे उजेडाचं काम. उजेड येतो कुठून? ती अंधारात मागं वळली. खिडकीच्या दारात, काल जिथं खिळा होता, तिथं हरभऱ्याएवढा उजेड लुकलुकत होता.

तिनं बोटात अंगुस्तान घातलं आणि भोकावर दाबून धरलं. वाट विझली. बोट काढलं, वाट उजळली. पुन्हा दाबलं, पुन्हा काढलं. लहान पोरीसारखी ती किती वेळ तेच करत राहिली. सारी वाट, झाड, बकरी आणि एवढं थोरलं आभाळ एका खिळ्याच्या भोकातून आत येत होतं, आणि येताना एकमेकांना धक्कासुद्धा लावत नव्हतं. तिला हसू आवरेना.

"आत्याबाई, हे पाहा. मी बोट लावलं का जाते. देवीले माह्या बोटानं अडवता येते काय?"

"तूच भोक पाडलं. तिथूनच आली ते," तानाबाई म्हणाली. "उचल पेटी."

पंचफुलेनं खाली वाकून पेटीच्या दोऱ्या धरल्या.

तेवढ्यात बाहेर वहाणांचा करकर आवाज झाला. तो आवाज साऱ्या गावाच्या ओळखीचा होता. पुंडलिकराव पाटील मारुतीचं दर्शन आटोपून आपल्या संत्र्याच्या बागेकडे निघाले होते. रोज सकाळी निघायचे. ते आले की तानाबाईनं वाट सोडून खाली उतरायचं, पाठ वळवायची, मान खाली घालायची, हे ती लग्न होऊन या गावात आली त्या दिवसापासून चालत आलं होतं. त्यांच्या वहाणा तिनं पुष्कळ पाहिल्या होत्या. चेहरा असा धड कधीच पाहिला नव्हता.

आता ते तिच्या पुढ्यात, भिंतीवर होते. वहाणा वर, धोतराचा सोगा वर, आणि खाली लोंबणारं डोकं. कपाळावरचा टिळा हनुवटीच्या खाली आला होता. हातातली छत्री टोक आभाळात खुपसून डुलत होती. चालण्यातली ऐट मात्र जशीच्या तशी.

तानाबाईनं सवयीनं मान खाली घातली. मग हळूहळू वर केली. तिकडे कळायची भीती नव्हती. गुडघ्यांवर हात रोवून ती पुढं सरकली आणि तिनं पुंडलिकरावांना पोटभर पाहून घेतलं.

"हा त रोज देवाले जाते," ती म्हणाली.

पंचफुला पेटी धरून तशीच उभी होती.

"रोज दिवा लावते. मरीमायले दरसाली बोकड देते." तानाबाई बोलत होती ती सुनेशी नव्हेच. "आमच्यावर कोपली अशीन त आमाले करावं उलटं. याले काऊन केलं?"

ती ताडकन उठली. "दार लाव अन् पाहत राय," म्हणाली आणि बाहेर गेली.

पंचफुलेनं दार लावलं. जरा वेळानं भिंतीवर तानाबाई आली. पाय वर, डोकं खाली, विटकरी लुगड्यात. वाटेच्या कडेला नाही, चांगली मधोमध उभी राहिली. बाहेरून तिची हाक आली.

"दिसून राह्यली काय वं मी?"

"दिसता," आतून पंचफुला ओरडली.

"कशी?"

"उलट्या."

भिंतीवरच्या तानाबाईनं मान वळवून लांब चाललेल्या छत्रीकडे पाहिलं. "अन् ते?"

"तेही उलटेच. तुमच्यासारखेच."

पुंडलिकराव थांबले, मागं वळले, कोण ओरडतं म्हणून त्यांनी पाहिलं. तानाबाई वाटेच्या मधून हलली नाही. पाटलांनी छत्री या खांद्यावरची त्या खांद्यावर घेतली, आणि ती काही म्हाताऱ्या बाईवर छत्री उगारायची वेळ नव्हे असं ठरवून ते चालू लागले. भिंतीच्या कडेला गेरूची पट्टी होती, तिच्यात ते विरून गेले.

तानाबाई आत आली तेव्हा तिला दम लागला होता आणि तोंडावर हसू होतं. पेटी जागच्या जागी होती. पंचफुलेनं एव्हाना मांजरपाटाचं पांढरं कापड फळीवरून खाली सोडलं होतं. वाट आता कापडावर आली होती, आणि कोळशानं ती बोरीच्या फांद्या ओढायला बसली होती. वाकळीवर सगळं गावच काढायचं तिच्या मनात होतं. पण फळीवरून कापड सारखं सरकत होतं. एका हातानं ते धरावं तर दुसऱ्या हातातली फांदी वाकडी होत होती.

तानाबाईनं ते पाहिलं. मग तिनं फडक्यातला शेंदरी गोटा घेतला आणि फळीवर, कापडाच्या काठावर ठेवला. त्याच्या जुन्या जागी.

पंचफुलेनं दचकून वर पाहिलं.

"गोटाच हाये," तानाबाई म्हणाली. "पन माह्या सासूनं हातात देल्ला होता. पान्यात टाकवला नाई." तिनं गोटा जरासा मधे सरकवला आणि कापड ओढून पाहिलं. "काढ आता."

कापड सरकलं नाही.