लाल नखाची बाई

मुखपृष्ठावर आधी नखच काढलंय—अंगठ्याचं, रुंद, कडेला रक्त सुकलेलं... चित्रकाराला हे कोणी सांगितलं असणार? सूर्यभाननंच. सारजानं पट्ट्यांचा डबा उघडला. एकाच रक्तपिपासू बाईची तीन पुस्तकं, लेखक सारजाचा सख्खा भाऊ. आणि औरंगपुऱ्यातल्या या बालवाचनालयात वयाची पट्टी लावल्याशिवाय पुस्तक कपाटात जात नाही. पिवळी, सहा ते नऊ: बाई टोमॅटोचं सार पिते, पोरं हसतात. हिरवी, दहा ते बारा: बाई मेंढरांचं रक्त पिते. लाल, तेराच्या पुढं: गाव तिच्या छातीत खुंटा ठोकतं. वा रे पठ्ठ्या! आईला तीनदा विकलंस.

आईच ती, दुसरी कोण? दौलताबादच्या पायथ्याला मेंढरं कोंडायच्या वाडग्यात बसून त्यांच्या कानांमागचे गोचीड ओढायची, दोन नखांत चिरडायची—टच्—आणि नख कितीही घासलं तरी लालच. मेल्या, त्याच हाताची भाकरी खाऊन लेखक झालास ना!

"सूर्याचं हाय ना ते?" बाकावरून बानाबाईनं विचारलं. डोळ्यांच्या दवाखान्यातून सारजानं आईला परस्पर कामावरच आणलं होतं. औषधानं तिला धड दिसत नव्हतं, आणि अक्षर तर जन्मात आलं नव्हतं. "वाच की बाई. लेकानं काय लिवलं, आयकू दे."

"पोरांसाठीचं आहे, आई."

"मंग तर कळंलच मला."

पिवळं वाचावं, हसेल बिचारी... की सगळं वाचावं, खुंट्यासकट, आणि मग त्याला फोन करून म्हणावं—ऐकवलं बरं का आईला! सारजानं तेराच्या पुढचं उचललं आणि मोठ्यानं वाचायला लागली. पहिल्याच पानावर शाळेच्या दारात बाई डबा घेऊन उभी, आणि एक मुलगी मैत्रिणींना सांगतेय: ती माझी कोणी नाही, ती रक्त पिते.

सारजाचं बोट त्या ओळीवर थांबलं. ती मुलगी मीच, सातवीत होते. सूर्यभान लहानगा, आईचं बोट धरून उभा... म्हणजे त्यानं ऐकलं होतं. म्हणजे आईनंही.

"का गं थांबलीस? मारलं का तिला?"

"नाय... अजून नाय."

"मंग वाच. आयकते मी."

मी पान उलटलं, मागं आले, बाकीची दोन्ही पुस्तकं भराभरा चाळली. गावातल्या शेळीलासुद्धा नाव दिलंय त्यानं. त्या मुलीला कुठंच नाव नव्हतं. आणि बाकावर आई माझ्याकडे तोंड करून बसली होती, धड न दिसणारे डोळे उघडे ठेवून.