मामीचे पाच खडे

ऑपरेशनात काढलेली पित्ताशयं लॅबमध्ये तपासणं हे माझं काम. बहुतेकांत निघतं तेच, जुनी सूज आणि चारपाच खडे. रिपोर्ट हाताला पाठ झालाय. मामीच्या रिपोर्टातही मी पाच खडे लिहिले.

मामी तो रिपोर्ट आणि एक छोटी बाटली घेऊन मामासोबत घरी आली. "अगं, खडे तर सर्जननी काढून मलाच दिलेत. मग तुला हे पाच कुठे मिळाले?"

"आत अडकले होते."

ती मामाकडे वळली. "बघा, आपल्या पोरीच्या नजरेतून काही सुटत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मामीच्या पित्ताशयाची बरणी काढली. झाकणावरची चिकटपट्टी अजून तशीच होती. शेजारच्या अकरा बरण्यांचीही. त्या अकरा जणांचे रिपोर्ट शुक्रवारीच माझ्या सहीने गेले होते.