नाव झाकायचा हुकूम

लोक सूचना वाचत नाहीत, याचा मला फार राग. घरी नवीन मिक्सर आला तेव्हा बाबांनी सोबतचा कागद चुलीत घातला, आणि मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला माझी कीव येणार नाही.

मी धम्मदीपा. केनवडची, आता वाशीमला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. उरलेल्या वेळात आम्ही चाळीसेक जण इंटरनेटवर बंजारा तांड्यांवरच्या बायकांच्या गाण्यांचा संग्रह करतो. पगार कुणालाच नाही. काम सगळ्यांसाठी खुलं आहे, कुणीही यावं आणि भर घालावी. गाणं ध्वनिमुद्रित करायचं, शब्द आणि मराठी अर्थ लिहायचा, आणि मजकुरात ठरलेले मॅक्रो टाकायचे. मॅक्रो म्हणजे महिरपी कंसात लिहायचा छोटा हुकूम. पानावर हुकूम दिसत नाही, त्याचं काम तेवढं दिसतं. ‘नावझाका’ हा त्यातलाच एक. त्यात बाईचं नाव लिहिलं, तरी पानावर फक्त ‘एक बाई, मानोरा तालुका’ एवढंच उमटतं. गाण्यांचा कच्चा मजकूर आम्हा पाच जणांनाच उघडता येतो, त्यामुळे नाव सुरक्षित राहतं.

हा हुकूम आम्ही केला तोच गोमतीबाईंसाठी. माझी कॉलेजातली मैत्रीण मंजू मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावर नांदते, त्या तिच्या सासूबाई. मी त्यांना मावशी म्हणते. मावशींचं लग्न साट्यालोट्याचं. भावाला बायको मिळावी म्हणून त्या बायकोच्या घरात ही द्यायची. तिथं मार खाऊन एकदा पळून माहेरी आली, तर भाऊ सेवादास यांनी तिला शिवेवरूनच परत लावलं. त्याचं तिनं गाणं केलं. पन्नास वर्षं ते ज्वारी सोंगताना एकटीनंच गायली. माझ्या फोनसमोर गायली आणि म्हणाली, “माह्यं नाव नोको टाकजो, पोरी. भाऊ दर बाजाराले येते, बाजेवर बसते, चहा पेते. आता म्हातारपनी त्याले हे कायले आयकवू? मले त्याच्याशिवाय माहेरचं कोन हाय?”

मी म्हटलं, “मावशी, निर्धास्त राहा.”

पुढं नव्या मंडळींसाठी मॅक्रोंची मार्गदर्शिका लिहायचं काम मी मागून घेतलं. महिनाभर खपले. नऊ भाग केले. प्रस्तावनेत दमच भरला, की उदाहरण द्यायचं तर खरं द्या, अबक असली बिनकामाची उदाहरणं चालणार नाहीत. आणि ‘नावझाका’साठी मी गाणं क्रमांक एक्केचाळीस उचलून टाकलं, आहे तसं. मार्गदर्शिकेत डावीकडे हुकूम कसा लिहायचा ते दाखवतात, उजवीकडे पानावर काय उमटतं ते. उजवीकडे ‘एक बाई, मानोरा तालुका’ असं सुंदर उमटलं होतं. मी तेवढंच बघत राहिले. डावीकडे गोमतीबाईंचं नाव, तांडा, सगळं उघडं पडलं होतं. मार्गदर्शिका तर जगाला खुली असते. खाली गाण्याचा दुवाही मीच दिला होता, हौसेनं.

पुण्याहून, नांदेडहून शाबासकी आली. मी हवेत होते.

तीन आठवड्यांनी मंजूचा फोन आला. तांड्याच्या ग्रुपवर कुणीतरी त्या पानाचा दुवा टाकला होता, वर लिहिलं होतं, आपल्या गोमतीबाईचं नाव दुनियेत गेलं. लोक आनंदानं अंगठे देत होते. गाणं अजून कुणी उघडून ऐकलं नव्हतं.

“तूनं हे काय करून ठेवलं व?” मंजू म्हणाली. “सेवादास मामाजीच्या तांड्यावरचे लोकंबी हायेत त्या ग्रुपात. त्याइले समजाच्या आंधी पुसून टाक.”

मी लगेच पान उघडलं. पण खरी लाज पुढं आहे. आमच्या कामात नुसतं पान सुधारून भागत नाही. मार्गदर्शिकेची प्रत्येक जुनी आवृत्ती इतिहासात राहते, कुणालाही काढून बघता येते. ती मुळातून काढायची तर चाळीस जणांना कळवावं लागतं, आपापल्या प्रती बदलून घ्या म्हणून, आणि का ते सांगावं लागतं. म्हणजे मला लिहावं लागलं असतं, की नाव झाकायचा हुकूम शिकवताना मीच नाव फोडलं. ज्यांना मी प्रस्तावनेत दम दिला, त्यांनाच.

मी नाही लिहिलं. नावाच्या जागी ‘अबक’ टाकलं. बदलाचं कारण एका ओळीत नोंदवावं लागतं, ते नोंदवलं. मग मंजूला फोन केला. “पुसलं.”

“पुरं?”

“हो.”

पुढच्या बाजाराला सेवादास आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. मग कळलं, की त्यांच्या तांड्यावरच्या कुणीतरी आधी ते नाव पाहिलं होतं. नंतर दिसेना, म्हणून त्यानं माझ्याच मार्गदर्शिकेचा सातवा भाग वाचला, ‘जुनी आवृत्ती कशी पाहावी’. अगदी पायरी पायरीनं समजावून लिहिलेला. जुनी आवृत्ती उघडली, दुव्यावरून गाणं उघडलं आणि म्हाताऱ्याला ऐकवलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या सूचना नीट वाचल्या होत्या.

मी मानोऱ्याची एसटी धरली. तांड्यावर पोचले तेव्हा मंजू पाण्याचा गडवा ठेवून तशीच आत गेली. मावशी ओट्यावर होती. बाज भिंतीला उभी लावलेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“चहा घेशीन?” तिनं विचारलं.

“मावशी, माझं चुकलं.”

“भाऊ फोनवर म्हनते, तूनं पन्नास साल माह्यासंग चहा पेला आन पोटात हे ठेवलं. काय सांगू त्याले?” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तूनं त पुसलं म्हनलं होतं न?”

मी सगळं सांगितलं. इतिहास, जुनी आवृत्ती, न लिहिलेलं पत्र. लाजेनं मान वर होईना. मावशी म्हणाली, “मले वाचता येत नाही. काढ ते पान. माह्यं नाव काढलं, तवा तूनं तिथं काय लिवलं?”

मी पान काढलं. ते दोन शब्द मला पाठ होते, तरी फोनकडे बघूनच वाचला.

“किरकोळ दुरुस्ती.”

मावशीनं पदरानं गुडघ्यावरची धूळ झटकली. मग बोट फोनवर टेकवून विचारलं, “आन हे खाली काय हाय?”

“लिहिणाऱ्याचं नाव. माझं.”

“हे दिसते सगळ्याइले?”

“हो.”

“हे झाकत नाहीत?”

ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. मी नाही म्हटलं. मग तिथंच ओट्यावर बसून चाळीस जणांना पत्र लिहायला घेतलं. मावशी म्हणाली, “लिव ते मोठ्यानं वाचत जाय.” मी पहिली ओळ वाचली. तिच्यात माझं नाव होतं, पूर्ण, गावासकट. ती ‘हूं’ म्हणाली आणि बाजेकडे बघत राहिली.