पायाची बोटं

शुक्रवारी सुरवसे बाईंनी चौथीच्या वर्गात सांगितले, की सोमवारी एकेकाला फळ्यासमोर बोलावून वजाबाकी घालणार. जमणार नाही तो महिनाभर गणिताच्या तासाला तिसरीत जाऊन बसेल.

उत्कर्षा याच वर्गात होती. तिसरीत तिचा धाकटा भाऊ शिवराज होता. त्याच्या शेजारी सतरंजीवर बसायचे, आणि घरी जाऊन तो पप्पांना सांगणारच.

पप्पा मूळचे मोडनिंब गावचे, आता शहरात शुक्रवार पेठेतल्या एका दुकानात कामाला होते. रोज संध्याकाळी ते तिला तोंडी गणिते घालत. त्या वेळी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे, हा त्यांचा नियम. "मी बोटं मोजत बसलो, आन् धावीला गणितात नापास झालो. तू डोक्यात कर."

डोक्यात जमेना, म्हणून तिने पायाची बोटे धरली. फ्रॉकखाली एकेक बोट फरशीवर दाबायचे. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट एकदमच हलत. तिथे दोन धरायचे. उत्तरे बरोबर येत. पप्पा खूश होते. शाळेतही मांडी घालून बसल्यावर पाय कुणाला दिसत नसत.

फळ्यासमोर मात्र उभे राहायचे होते, आणि चपला वर्गाबाहेरच काढाव्या लागत.

रविवारी तिने भिंतीला टेकून, बोटे न हलवता करून पाहिले. बहुतेक उत्तरे चुकली.

"ताई, अशी का उभी हायस?" शिवराजने विचारले.

"जा की तिकडं!"

सोमवारी बाईंनी तिच्यासाठी फळ्यावर लिहिले : ५०३ वजा २६८.

तिने शतकाकडून उसने घेतले. आता तेरातून आठ. आठ मनात धरून तिने अंगठा दाबला. नऊ. दहा. अकरा.

"बाई, बघा की!" पुढच्या रांगेतला मुबीन ओरडला. "ही पायाची बोटं मोजायलीय!"

वर्ग हसला. करंगळीपाशी एक धरले की दोन, ते तिला आठवेना. तिने चार लिहिले. बाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत म्हणजे चुकले, एवढे तिला माहीत होते.

पाय आवरावेत असे तिला फार वाटले. तरी तिने पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली, सगळ्यांच्या समोर. पाच. तळहाताने चार पुसले. पुढचे दोन आकडेही तसेच मोजून लिहिले. २३५.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "मोजलंस तर मोजलंस. जाग्यावर बस."

तिसरी टळली. पण मधल्या सुट्टीत मुबीनने सगळ्या शाळेला पाय हलवून दाखवले. शिवराजही तिथेच उभा होता.

संध्याकाळी पप्पा नेहमीसारखे समोर बसले. त्यांनी चप्पल काढायच्या आधीच शिवराजने सांगून टाकले होते. उत्कर्षाने हात मांडीखाली घातले आणि खाली मान घातली.

"व्हय गं? पायानं मोजतीस?"

तिने होकाराची मान हलवली.

"पाय पुढं घे. पंधरातून सात?"

तिने पाय पसरले. ती एकेक बोट दाबत गेली. शेवटचे बोट दाबल्यावर तिने भीत भीत वर पाहिले. पप्पांचे तिच्या पायांकडे लक्ष नव्हते. त्यांचा अंगठा त्यांच्याच बोटांच्या पेरांवरून सरकत होता आणि ओठ हलत होते.

"आठ," ती म्हणाली.

"थांब," पप्पा म्हणाले. त्यांचे अजून व्हायचे होते.