एकट्या माणसाचं 'आम्ही'

वेलांटीला 'वेलांटी' हे नाव तिच्या भाऊजींनी ठेवलं, त्याला आता चव्वेचाळीस वर्षं झाली. ताईच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या तेव्हा ही बारा वर्षांची मुलगी तांबडी पेन्सिल घेऊन बसली, आणि 'आशिर्वाद' नव्हे, 'आशीर्वाद', असं तिनं दीडशेच्या दीडशे पत्रिकांवर दाखवून दिलं. नवऱ्याकडची माणसं चिडली. खुद्द नवरदेव मात्र पोट धरून हसले आणि म्हणाले, "मला वाटलं होतं, एकच बाई घरी येणार. ही वेलांटीपण सोबत येणार असं दिसतंय." बोलाफुलाला गाठ पडली. आईवडील गेल्यावर ती ताईच्या घरी वरच्या खोलीत चार दिवस राहायला म्हणून आली, ती तिथलीच झाली.

पोटासाठी ती भाषांतरं करायची. कचेरी दुसऱ्या मजल्यावर, खाली जोडे दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे दिवसभर ठाकठूक चाललेली. जन्माचे दाखले, औषधांची माहितीपत्रकं, कपडे धुण्याच्या यंत्राच्या सूचना, असलं सगळं तिच्या टेबलावरून इकडच्या भाषेतून तिकडे जायचं आणि तिकडच्या भाषेतून इकडे यायचं. पण तिचा खरा दरबार भरायचा तो फोनवर. गावात कुणाला शब्दाची शंका आली की फोन वेलांटीला. बिजागरी हा शब्द कुठला? "पोर्तुगीज. दारं आपली, बिजागऱ्या त्यांच्या." ढेकर दिला म्हणायचं की ढेकर दिली? "दोन्ही चालतं. चारचौघांत मात्र कुठलंच देऊ नये." अमुक भाषेत सूर्य बाई का आणि चंद्र बुवा का? याला मात्र ती दहा मिनिटं घ्यायची, आणि विचारणारा मधेच "दूध उतू जातंय" म्हणून फोन ठेवायचा. 'माहीत नाही' हे दोन शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. भाऊजी म्हणायचे, ते तिच्या शब्दकोशात छापायचेच राहिले असतील.

त्या वर्षी वाऱ्यानं मागच्या अंगणाची भिंत पडली. सगळी नाही, मधलाच तुकडा, पण चांगला दोन म्हशी शेजारीशेजारी जातील एवढा. ही भिंत सामाईक. पलीकडच्या घरात चारच महिन्यांपूर्वी एक घड्याळजी राहायला आले होते. साठीचे, सडेफटिंग, दूरच्या मुलखातले. आपली भाषा त्यांना 'नमस्कार' आणि 'किती वाजले' यापलीकडे फारशी येत नव्हती. भिंत पडली त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांची चिठ्ठी पेटीत आली, त्यांच्या भाषेत. त्या भाषेत वेलांटीचा हातखंडा.

जेवणाच्या टेबलाशी उभी राहून तिनं चिठ्ठी वाचली. चष्मा पुसला. मग जाहीर केलं, "ते लिहितात, येत्या रविवारी सकाळी आम्ही भिंत बांधू."

"माणूस सज्जन दिसतो," ताई म्हणाली.

भाऊजी निवृत्त बसचालक. तीस वर्षं रस्त्यावर नजर ठेवल्यामुळे आडवं आलेलं काहीही त्यांना आधी दिसायचं. "आम्ही म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं. "तो तर एकटाच आहे."

"भाऊजी, ते आदरार्थी बहुवचन," वेलांटी म्हणाली. "सुसंस्कृत माणसं स्वतःबद्दल असंच लिहितात."

"असं होय," भाऊजी म्हणाले. "आम्हाला भाजी वाढा."

रविवार आला. घड्याळजी बरोबर आठ वाजता बाहेर आले. हातात थापी, पायाशी कालवलेलं सिमेंट. ताईनं मागच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला. काम करणाऱ्या माणसाकडे टक लावून बघू नये, त्याला अवघडल्यासारखं होतं, हा तिचा शिवणकामाच्या वर्गातला जुना नियम. अर्ध्या तासानं फटीतून डोकावून बघितलं, तर घड्याळजी एका दगडावर बसून होते. तासाभरानं ते आत गेले. भिंत होती तिथंच आडवी.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

"दगडावर बसून भिंत होते का?" ताई म्हणाली. गल्लीतली कुत्री आता घड्याळजींच्या फाटकातून शिरून, खिंडारातून येऊन, तिच्या वाळत घातलेल्या चादरींखाली झोपायला लागली होती. एक चादर तर त्यांनी ओढत नेऊन चुलत्याच्या घरचं कार्य असावं तशी अंगणभर पसरली. सकाळी नळावर घड्याळजी दिसले की ते मान लववून भिंतीकडे बघायचे. ताईही मान लववून भिंतीकडे बघायची. मग दोघं आपापल्या घरात जाऊन दार जरा जोरात लावायची.

शेवटी ताईनं पत्र सांगितलं आणि वेलांटीनं ते त्यांच्या भाषेत उतरवलं. ताईनं एवढंच म्हटलं होतं, की बाबा रे, कधी बांधतोस? पण भाषांतर करता करता वेलांटीच्या लेखणीला धार चढली, आणि 'दिला शब्द पाळणं ही भाषेची पहिली अट आहे' असं एक वाक्य तिनं पदरचं घातलं. ते तिला इतकं आवडलं, की तिनं ते दोनदा वाचून दाखवलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. दोन पानी. वेलांटी पुन्हा टेबलाशी उभी राहिली, वाचायला लागली, आणि पहिल्या पानाच्या मध्यावर तिच्या तोंडचं पाणी पळालं.

घड्याळजींनी लिहिलं होतं: 'बाई, तीन रविवार मी थापी घेऊन उभा आहे. तीन वेळा माझं सिमेंट घमेल्यातच दगड झालं. मी लिहिलं होतं की मी आणि तुम्ही मिळून बांधू. दोन्ही अंगणांची भिंत एकट्यानं कशी बांधायची? पलीकडून दगड धरायला, दोरी ताणायला माणूस नको का? मी येतो आणि तुमच्याकडे पडदा ओढला जातो. माझं काही चुकलं असेल तर सांगा.'

त्यांच्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द आहे, हे वेलांटीला माहीत होतं. बाविसाव्या वर्षापासून माहीत होतं. नव्या भाषांतरकारांना ती हेच पहिल्या दिवशी शिकवायची: तो शब्द आला की थांबायचं, समोरचा माणूस त्यात धरलाय की वगळलाय ते बघायचं, मगच लिहायचं. आणि स्वतः ती थांबली नव्हती. भाऊजींनी टोकलं, तेव्हाही नाही.

"काय म्हणतो?" ताईनं विचारलं.

चौतीस वर्षांत वेलांटीनं एका अक्षराचं खोटं भाषांतर केलं नव्हतं. "ते म्हणतात," ती म्हणाली, "रविवारी नक्की."

"एवढंच? दोन पानं दिसतायत."

"त्यांची भाषा जरा पाल्हाळिक आहे."

भाऊजींनी फक्त आरशात मागची गाडी बघावी तसं तिच्याकडे बघितलं.

आठवडाभर वेलांटीचं कशात लक्ष लागलं नाही. कचेरीत कुणीतरी फोनवर विचारलं, 'मजा आला' बरोबर की 'मजा आली', तर ती म्हणाली, "कुणालाच येत नाहीये," आणि फोन ठेवून दिला.

रविवारी आठ वाजता तिनं जुन्या वहाणा चढवल्या, डोक्याला फडकं बांधलं आणि बागेतली बादली घेऊन ती खिंडाराशी जाऊन उभी राहिली. ताईला वाटलं, देखरेखीला चालली असेल. घड्याळजी बाहेर आले, तिला बघून थबकले.

वेलांटीनं मनात चार वाक्यं रचून ठेवली होती. त्यांत 'सर्वनाम' हा शब्द तीनदा होता. त्यातलं एकही तिला आठवलं नाही. "चूक माझी आहे," ती त्यांच्या भाषेत म्हणाली. "तुमचं पत्र मी चुकीचं वाचलं. आमच्याकडे तुमच्या एका शब्दाला दोन शब्द आहेत. 'आपण'मध्ये तुम्ही येता, 'आम्ही'मध्ये येत नाही. मी तुम्हाला बाहेर ठेवलं."

घड्याळजींनी थापी खाली ठेवली. आता हे रागावणार, असं तिला वाटलं. पण त्यांचा चेहरा जुनं, न पाहिलेलं घड्याळ उघडल्यासारखा उजळला. "दोन शब्द? म्हणजे बोलायला तोंड उघडायच्या आधी ठरवावं लागतं, समोरचा आपल्यात आहे की नाही?"

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"फार दमत असाल तुम्ही लोक," ते म्हणाले. मग काहीतरी आठवून आत गेले आणि बोटाएवढं संभाषणाचं पुस्तक घेऊन आले. "पण यात तर 'आपण' म्हणजे 'तुम्ही' असं दिलंय. आपण कुठे राहता, आपण चहा घेणार का."

"तोही अर्थ आहे. आदरानं. आणि 'स्वतः' असाही एक आहे. 'तो आपण होऊन आला' म्हणतात तेव्हा."

"म्हणजे तुम्ही, मी-तुम्ही, आणि स्वतः, सगळ्यांना एकच शब्द." त्यांनी खिंडाराकडे बघितलं. "मग भिंती पडल्या तर नवल काय?"

वेलांटीला हसू फुटलं. ते जोरात फुटलं असावं, कारण पडदा सरकला आणि दोन मिनिटांत भाऊजी आणि त्यांच्यामागून ताई अंगणात हजर झाली.

"भिंत बांधणारा हा," ताई म्हणाली, "आणि बादली तुझ्या हातात का?"

आता इलाज नव्हता. वेलांटीनं सगळं सांगितलं, पहिल्या चिठ्ठीपासून पाल्हाळिक भाषेपर्यंत. ताईच्या पत्रात घातलेलं पदरचं वाक्यही सांगितलं, कारण घड्याळजींनी ते तोंडपाठ केलं होतं आणि ते म्हणून दाखवायच्या बेतात होते.

ताईनं एकदा बादलीकडे, एकदा खिंडाराकडे बघितलं. मग म्हणाली, "तीन आठवडे मी या भल्या माणसाला बघून नाक मुरडतेय. नाकाला सवय लागली असेल आता." आणि पदर खोचून, दगडांवरून तोल सांभाळत ती खिंडारातून पलीकडे गेली, घड्याळजींसमोर उभी राहिली आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाली, "चुकलं आमचं." परक्या भाषेच्या माणसाला मोठ्यानं बोललं की कळतं, अशी तिची समजूत होती. या वेळी मात्र खरंच कळलं.

"आदरार्थी बहुवचन," भाऊजी आभाळाकडे बघत म्हणाले. "सुसंस्कृत माणसं!"

"बोला, बोला," वेलांटी म्हणाली. "आज तुमचा दिवस आहे."

"आज नाही, हे वर्षच माझं आहे."

काम सुरू झालं. घड्याळजी आणि ताई त्या बाजूनं, भाऊजी आणि वेलांटी या बाजूनं. दोरी ताणली, पहिला दगड बसला. दगड लावता लावता वेलांटीला राहवेना. "भाऊजी, घमेलं हा शब्दसुद्धा पोर्तुगीज बरं का. एवढा समुद्र ओलांडून आला."

"आलाय ना? मग चार पावलं आणखी येऊ दे. भरून आण."

घड्याळजींच्या शंका मात्र संपेनात, आणि त्या सगळ्या वेलांटीमार्फत. नवराबायको आपसात कुठला शब्द वापरतात? वेलांटी नियम सांगायला तोंड उघडते तोच ताई म्हणाली, "सिनेमाला जायचं असलं की 'आपण'. पाहुण्यांपुढे 'आम्ही'. भांडण झालं की 'तू' आणि 'मी'." घड्याळजींनी हे पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, मेलेल्या माणसाबद्दल बोलताना काय म्हणता? त्यांची बायको सहा वर्षांपूर्वी गेली, ते म्हणाले. तिच्याबद्दल बोलताना ते अजून 'आम्ही'च म्हणतात, आणि त्यांच्या भाषेत त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तुमच्या भाषेत ते चालेल का?

वेलांटीच्या हातात दगड होता. तिनं तो खाली ठेवला. व्याकरणाची पुस्तकं तिनं मनातल्या मनात चाळली, एकातही हा प्रश्न नव्हता. "माहीत नाही," ती म्हणाली. आणि मग, "पण तुम्ही म्हणा. मी कुणाला दुरुस्त करू देणार नाही."

भाऊजींनी या वेळी थट्टा केली नाही. ते दोरी सरळ आहे का, हे फार लक्ष देऊन बघत राहिले.

भिंतीला तीन रविवार लागले. मधोमध तिला जरा पोट आलं, कारण भाऊजींचा भरवसा दोरीपेक्षा स्वतःच्या नजरेवर जास्त. तिसऱ्या रविवारी दुपारी वरचे दगड अडले. ते याच बाजूनं ढकलून बसवायला हवेत, म्हणून ताईपाठोपाठ घड्याळजीही उरलेल्या फटीतून इकडे आले. चौघांनी मिळून दगड चढवले, सांधे भरले, आणि सगळे दोन पावलं मागे सरून कौतुकानं बघत उभे राहिले. तेव्हा ताईच्या लक्षात आलं, की घड्याळजी भिंतीच्या अलीकडेच राहिले आहेत. आता घरी जायचं तर पुढच्या दारानं रस्त्यावर, मग सगळी गल्ली फिरून.

घड्याळजींनी आपल्या सिमेंट लागलेल्या कपड्यांकडे बघितलं, थापी काखेत धरली आणि पुस्तकातलं वाक्य जपून उच्चारलं, "मी जातो."

"जातो काय म्हणता?" ताई डाफरली. "येतो म्हणावं!"

त्यांनी गोंधळून वेलांटीकडे बघितलं. जाणारा माणूस 'येतो' का म्हणतो, याचं उत्तर द्यायला वेलांटीनं चष्मा पुसायला घेतला. पण ताईनं तोवर खुर्ची ओढून त्यांच्या गुडघ्यामागे लावलीसुद्धा होती.

"आधी चहा होऊ दे," ती म्हणाली. "हिचं उत्तर लांब असतं."